पोल ५४ किलोचा, मुलगी ५७ किलोची

इंदूरच्या एका मराठी घरातली मुलगी पोल व्हॉल्टमध्ये, म्हणजे लांब पोलच्या आधारानं आडव्या बारवरून उडी मारण्याच्या खेळात, कनिष्ठ गटाची राष्ट्रीय विजेती झाली, तेव्हा बातम्यांचा सूर ठरलेलाच होता : आजोबा मल्लखांबवाले, वडील जुने पोल व्हॉल्टर, आई खो-खोपटू, मग मुलगी चमकणारच. त्यात चूक काही नव्हती, फक्त मधलं एक वर्ष गाळलेलं होतं. त्या वर्षात ती खेळ सोडायच्या बेतात होती, आणि तिला तिथवर आणण्यात त्याच खेळाडू घराचा मोठा वाटा होता. हे प्रकरण त्या वर्षाचं आहे. घरच्यांच्या संमतीनं लिहितो आहे. नावं गाळली आहेत. ओळख पटू नये म्हणून वजनं, उंच्या आणि काही तपशील थोडे इकडेतिकडे केले आहेत.

पार्श्वभूमी

आजोबांनी उभं आयुष्य अखाड्यात मल्लखांब शिकवला. इंदुरात अनंत चतुर्दशीला रात्रभर गिरण्यांच्या झाक्या (चित्ररथ) निघतात आणि त्यांच्याबरोबर अखाडे चालतात. त्या मिरवणुकीत मुलगी सातव्या वर्षी दोरीच्या मल्लखांबावर चढली. मध्य प्रदेशानं २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यखेळाचा दर्जा दिला, तेव्हा या घरात पेढे वाटले गेले होते. वडील पिथमपूरच्या कारखान्यात सुपरवायझर. तरुणपणी विद्यापीठाकडून पोल व्हॉल्ट खेळलेले, तेही मातीचा रनअप आणि वाळूचा खड्डा असलेल्या काळात. आई शाळेत खेळशिक्षिका. जेवताना इतर घरांत नातेवाइकांच्या गोष्टी निघतात, इथे कोणाचा गुडघा कधी गेला हे निघतं.

बाराव्या वर्षी मुलगी झपाट्यानं उंच झाली. दोरीवर लांब पाय आड येऊ लागले. बगली, अढी हे दोरीवरचे प्रकार बसेनात. आजोबा खट्टू झाले, वडील मनातून खूश. रशियाची पोल व्हॉल्टर येलेना इसिनबायेवा पाचव्या वर्षापासून जिम्नॅस्टिक्स करत होती, पंधराव्या वर्षी उंची वाढली म्हणून तिला ते सोडावं लागलं, आणि पुढे २००९ मध्ये झुरिकला तिनं ५.०६ मीटरचा विक्रम केला. ही गोष्ट वडिलांनी घरात इतक्या वेळा सांगितली होती की आजीलाही ती तोंडपाठ होती.

दोरीनं मुलीला दोन गोष्टी दिल्या होत्या, ज्या मैदानावर शिकवायला वर्षं लागतात. एक, पकड. दुसरी, डोकं खाली आणि पाय वर असताना न गोंधळणं. पहिल्यांदा पोलवरून उलटं होताना बहुतेक मुलं घाबरून हात सोडतात. हिला त्यात काही विशेष वाटलंच नाही. पण दोरीनं एक खोडही लावली. दोरीवर हात मुडपून अंगाकडे ओढायचं असतं. पोलवर सुरुवातीलाच तसं ओढलं की पोल उभा राहण्याआधीच सगळा जोर संपतो. वरचा हात ताणलेला ठेवून अंग झोपाळ्यासारखं पुढे जाऊ द्यावं लागतं. ही खोड वडिलांच्या लक्षात आली नाही, कारण ताठ पोलवर खेळलेल्या पिढीला ती फारशी नडत नसे. दुसरी अडचण धावण्याची. अखाड्यात कोणी चाळीस मीटर पळत नाही.

तरीही चौदाव्या वर्षी ती २.८० मीटर पार करत होती. एका शाळेचं मैदान, कडेला वडिलांनी वेल्डरकडून करून घेतलेला, पोल टेकवायचा बॉक्स, फर्निचरवाल्याकडून आणलेल्या फोमच्या गाद्या रेक्झिनच्या खोळीत भरून केलेलं, उडीनंतर पडायचं पिट. नियमाची मॅट मोठ्या स्पर्धांत किमान ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ८० सेंटीमीटर जाड असते. ही त्याच्या निम्मीही नव्हती. पुढे जे झालं त्यात या गाद्यांचा हात नाही, पण पालकांनी हे करू नये हे इथेच सांगून टाकतो.

अडचण

पोल व्हॉल्टचा पोल बुटासारखा मापाचा असतो. त्यावर लांबी लिहिलेली असते आणि वजनही. हे वजन पोलचं नसून तो वापरणाऱ्याचं. आकडे बहुधा पौंडांत आणि पाच-पाचच्या पायऱ्यांनी. वजनदार खेळाडूनं हलक्या मापाचा पोल घेतला तर तो प्रमाणाबाहेर वाकतो, वेळेवर परतत नाही, कधी तुटतो. उलट, पोल फार कडक निघाला तर तो उभाच राहत नाही आणि खेळाडूला मागे रनअपवर टाकतो. म्हणून चांगला खेळाडू पोलची मालिका बाळगतो. वाढत्या वयाच्या मुलाला तर दर काही महिन्यांनी पुढची पायरी लागते.

या घरात पोल एकच होता. १२ फुटी, १२० पौंडांचा, म्हणजे साधारण ५४ किलोचा. ओळखीच्या एका खेळाडूकडून जुना घेतलेला. नव्या आयात पोलची चौकशी केली तेव्हा वाहतुकीसकट लाखाच्या आसपास आकडा सांगितला गेला. त्यात मुलीच्या भावाच्या अकरावीचं कोचिंग चालू, घराचा हप्ता चालू.

पंधराव्या वर्षी मुलीचं वजन ५३ झालं, मग ५५. वडील म्हणाले, ‘जरा सांभाळ, एवढा हंगाम काढू.’ वाक्य साधंच. पण त्यानंतर न्हाणीघराबाहेर वजनकाटा आला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहायची पद्धत पडली. कुणी तिला उपाशी राहा असं म्हटलं नाही. तिनं आधी रात्रीचा भात सोडला, मग पोळी एकावर आणली. रविवारी घरात पोहे-जलेबी यायची, तेव्हा ती शेव बाजूला करून पोह्यांचे चार घास खाऊ लागली. सगळ्यांना वाटलं, पोरगी शिस्तीची आहे. काकांनी तर आपल्या मुलासमोर तिचं उदाहरण ठेवलं.

चार महिन्यांत कॅलेंडरवरचा आकडा ५२ वर आला आणि उडी २.९० वर अडकली. मग २.८० ही अवघड जाऊ लागली. वडिलांनी रनअप बदलला, ग्रिप (पोलवर हात धरायची जागा) बदलली, एकदा बूट बदलले. नडगीत दुखतं असं ती म्हणू लागली तेव्हा आजोबांनी तिळाच्या तेलानं मालीश सुरू केली.

आईला जे कळलं ते मैदानावर कळलं नाही. तीन महिने घरात सॅनिटरी पॅडचं पाकीट फुटलं नव्हतं. विचारल्यावर मुलगी म्हणाली, ‘बरंच आहे ना आई, स्पर्धेच्या वेळी कटकट नाही.’ आई स्वतः खेळलेली; तिच्या काळातही मुली असंच म्हणत. तिनं दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि मुलीला डॉक्टरांकडे नेलं.

रक्त तपासलं, एमआरआय झाला. हिमोग्लोबिन कमी, ड जीवनसत्त्व कमी, नडगीच्या हाडावर ताणाची खूण. भेग पडायची बाकी होती. डॉक्टरांनी सरळ सांगितलं : ही मुलगी जेवढं खर्च करते तेवढं खात नाही, म्हणून शरीरानं आधी पाळी बंद केली आणि आता हाडांची दुरुस्ती बंद करत आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन खेळाडू व डॉक्टरांसाठी मार्गदर्शन काढलं. कुमारवय हा हाडं भरून घेण्याचा काळ. तेव्हा राहिलेली तूट पुढे पूर्ण भरतेच असं नाही.

राज्य स्पर्धा सात आठवड्यांवर होती.

कोणते पर्याय होते

त्या रविवारी घरात बैठक झाली. मला नंतर तिघांनी ती वेगवेगळी सांगितली. एकत्र केल्यावर चार वाटा समोर होत्या असं दिसतं.

पहिली वाट वडिलांची : राज्य स्पर्धा होईतो तेच वजन ठेवायचं, सराव निम्मा करायचा, मग विश्रांती. बाहेरून ही क्रूर वाटते, पण त्यांचा हिशेब असा होता की राज्याचं पदक मिळालं तर अकादमीत जागा मिळेल, अकादमीत पोल मिळतील, आणि मूळ दुखणंच संपेल. हिशेबात एकच आकडा चुकीचा होता. नडगीचं हाड सात आठवडे थांबेल असं कुणीही म्हटलं नव्हतं.

दुसरी वाट : वजन वाढू द्यायचं आणि त्याच पोलवर ग्रिप खाली घ्यायची. खाली धरला की पोल कडक होतो, म्हणजे थोड्या जास्त वजनालाही चालवता येतो. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे आणि तात्पुरतं सुरक्षितही. पण ग्रिप खाली म्हणजे उडी खाली, आणि ही पळवाट दोनतीन किलोंपलीकडे चालत नाही.

तिसरी : कर्ज काढून पोल घ्यायचा. आईचे दागिने निघाले बोलण्यात, निघणारच. पण वाढत्या मुलीला एक पोल पुरत नाही. आज १३० पौंडांचा घेतला तर सहा महिन्यांनी १३५ चा लागणार.

चौथी : जिथे पोलची मालिका आधीच आहे तिथे मुलीला न्यायचं. भोपाळ १९० किलोमीटरवर. तिथल्या अकादमीत पोल व्हॉल्टचं काम चांगलं चाललं होतं. मध्य प्रदेशच्या देव मीणानं २०२५ च्या फेब्रुवारीत उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५.३२ मीटर उडी मारून शिवा सुब्रमण्यमचा ५.३१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला, तो याच वातावरणात घडलेला. ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेचंही नाव निघालं, पण तिथला पदवीचा प्रवेश बारावीनंतरचा. मुलगी दहावीत होती.

चौथ्या वाटेला विरोध वडिलांचाच होता, आणि त्यासाठी त्यांनी डुप्लांटिसचं उदाहरण दिलं. स्वीडनचा पोल व्हॉल्टर आर्मंड डुप्लांटिस याला घरीच शिकवलं गेलं, परसात पिट होतं, वडील कोच, आई फिटनेस बघते. २०२५ मध्ये टोकियोत ६.३० मीटर गेला. मग आपण का नाही? हा मुद्दा अनेक क्रीडा-घरांत निघतो, म्हणून त्यावर थांबतो. त्याचे वडील ग्रेग डुप्लांटिस स्वतः ५.८० मीटर उडी मारणारे होते. आई हेलेना हेप्टॅथलॉन खेळलेल्या. त्या घरात प्रेमाबरोबर आधुनिक, वाकणाऱ्या पोलची पूर्ण जाण होती आणि मुलाच्या मापाची साधनं होती. इंदूरच्या या घरात प्रेम तेवढंच होतं. वडिलांचं ज्ञान मात्र त्यांच्या काळाच्या पोलपर्यंत येऊन थांबलं होतं आणि साधन एकच होतं. घरचा कोच चांगला की बाहेरचा, हा वाद यात गौण आहे. घरच्या कोचकडे पुढची पायरी आहे का, एवढंच पाहायचं.

काय केलं

निर्णय आईनं घेतला, आणि तो बैठकीत घेतला नाही. सोमवारी सकाळी तिनं वजनकाटा शेजारच्यांना देऊन टाकला, कॅलेंडर उतरवलं आणि राज्य स्पर्धेतून नाव मागे घेतल्याचा अर्ज वडिलांसमोर सहीला ठेवला. वडिलांनी दोन दिवस सही केली नाही. तिसऱ्या दिवशी केली.

आठ आठवडे उडी बंद. पोहणं, सायकल, वरच्या अंगाचे व्यायाम. जेवण आहारतज्ज्ञांनी आखलं, पण त्यातलं बरंचसं आजीनंच ठरवलं. नाचणी आणि शेंगदाण्याचे लाडू कागदावर नव्हते. पाळी पाचव्या महिन्यात परत आली. वजन ५७ वर जाऊन स्थिरावलं.

दरम्यान वडील एकटेच भोपाळला जाऊन आले. तिथल्या कोचला त्यांनी मुलीच्या उड्यांचे व्हिडिओ दाखवले. कोचनं उडीबद्दल काही न बोलता कागदावर एक गणित मांडलं. धावेची सगळी ऊर्जा उंचीत बदलली असं धरलं, तर शरीर किती वर जाईल हे वेगाच्या वर्गाला गुरुत्वाकर्षणाच्या दुपटीनं भागून मिळतं. सेकंदाला ७ मीटर वेग असेल तर २.५० मीटर, ७.५ असेल तर २.८७. अर्ध्या मीटरच्या वेगानं ३७ सेंटीमीटर मिळतात. आणि या गणितात वजन कुठेच येत नाही, ते दोन्हीकडून कटतं. वडील मेकॅनिकलचे डिप्लोमाधारक. हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. प्रत्यक्षात वजनाचा संबंध येतो, धावणारं शरीर किती जोर काढतं यात. पण उपाशी शरीराचा वेगच पडतो, आणि जुन्या व्हिडिओंत तिच्या शेवटच्या सहा पावलांचा वेग महिन्यागणिक पडत गेलेला स्पष्ट दिसत होता. वडिलांनी ते व्हिडिओ स्वतः काढले होते.

अकादमीत लगेच पाठवलं नाही. दहावीचं वर्ष, आणि नुकती सावरलेली मुलगी वसतिगृहाच्या जेवणावर सोडायला आई तयार नव्हती. मधला मार्ग असा निघाला : एका आड एक शनिवारी बसनं भोपाळ, तिथल्या पोलवर सराव, रविवारी रात्री परत. इंदुरात फक्त धाव आणि ताकद, उडी नाही. पोल न्यायचा नसल्यानं प्रवास सोपा झाला. बारा फुटांची नळी घेऊन आपल्या बस-रेल्वेतून फिरणं काय असतं हे या खेळातल्या माणसांना विचारा. बोर्डाची परीक्षा संपल्यावर ती भोपाळला राहायला गेली.

दोन अटी आईनं घातल्या. वजन महिन्यातून एकदा, डॉक्टरांसमोर. कोचला आकडा न सांगता फक्त कोणता पोल चालेल ते सांगायचं. दुसरी, पाळी दोन महिने चुकली तर सराव आपोआप अर्धा, चर्चा नाही. कोचनं दोन्ही मान्य केल्या, पहिली जरा नाराजीनं.

काय झालं

पहिले सहा महिने उंची वाढली नाही. कोचनं तिला सहा पावलांच्या छोट्या रनअपवर ठेवलं आणि हात ओढायची खोड मोडायला घेतली. ती मोडायला धावेपेक्षा जास्त वेळ लागला. फोनवर वडील दर आठवड्याला ‘बार किती?’ विचारत आणि ती दर आठवड्याला ‘बारच लावला नाही’ म्हणे. यावर त्यांनी शांत राहणं हे या प्रकरणातलं मला वाटतं सगळ्यात अवघड काम होतं, आणि ते त्यांना पूर्ण जमलं असंही नाही. एकदा ते न सांगता भोपाळला जाऊन जाळीबाहेर उभे राहिले होते.

मग एका हंगामात ३.१०, ३.३०. पोल १३० पौंडांचा, नंतर १३ फुटी. पुढल्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत ३.५० दुसऱ्या प्रयत्नात, आणि ३.६० तिसऱ्या. तीन सलग चुका झाल्या की खेळ संपतो, म्हणजे ती शेवटच्या संधीवर उभी होती. त्या प्रयत्नाआधी तिनं पोल बदलून एक पायरी कडक घेतला. घड्याळ चालू असताना हा निर्णय घ्यायला पिशवीत दुसरा पोल असावा लागतो. महिलांचा राष्ट्रीय विक्रम २०१४ पासून व्ही. एस. सुरेखाच्या ४.१५ वर होता, तो २०२२ मध्ये रोझी मीना पॉलराजनं मोडला. त्या उंचीपर्यंत हिला अजून बरंच जायचं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट वेळेची. वजन ५३ झालं त्याच दिवशी पोलचा प्रश्न पोलचा म्हणून मांडला असता, तर भोपाळची वाट आठ महिने आधी दिसली असती. साधन अपुरं पडलं तेव्हा शरीराला साधनाच्या मापात बसवायचा प्रयत्न झाला. हे घरात कुणी ठरवून केलं नाही, म्हणून थांबवायलाही कुणी पुढे आलं नाही.

दुसरी, ग्रिप खाली घेण्याची वाट घरात फार लवकर बाद झाली. हंगाम साधायचाच होता तर कमी उंचीवर, पोटभर खाऊन खेळता आलं असतं. ते वडिलांना मानहानीचं वाटलं, कारण २.६० च्या बारवर शहरातले सगळे ओळखीचे बघणार होते. खेळाडू घरांना हा एक जादा भार असतो : मैदानावरचे पंचही काका-मामाच निघतात.

तिसरी, आईनं एकटीनं निर्णय घेतला यावर मला पूर्ण समाधान नाही. तो योग्य होता आणि वेळेवर होता. पण मुलीला त्या सोमवारी काहीच विचारलं गेलं नाही. वजनकाटा आला तेव्हा विचारलं नव्हतं, गेला तेव्हाही नाही. ती पुढे म्हणाली की राज्य स्पर्धेच्या दिवशी ती दिवसभर आईशी बोलली नाही. डॉक्टरांनी तिच्याशी वेगळं, एकटीशी बोलून मग घराला सांगितलं असतं तर हे टळलं असतं, असं मला वाटतं. आईला तसं वाटत नाही.

एक वाद अजून मिटलेला नाही. कोचच्या मते हंगामात दोरी पूर्ण बंद हवी, नाहीतर हात ओढायची खोड परत येते. आजोबांचं म्हणणं, दोरी नसती तर ही पोलवर उलटीच झाली नसती. हंगाम संपल्यावर दोरी चालेल असा तह झाला आहे. यंदा दिवाळीला ती घरी आली तेव्हा अखाड्यात दोरीवर चढली. कोचना विचारून की न विचारता, यावर घरात दोन मतं आहेत.